38 हा आकडा आणि किनवटचा रस्ता



गरोदरपणात बीपी चढतं, पायांवर सूज येते, लघवीत अल्ब्युमिन उतरतं, आणि वेळीच आवरलं नाही तर झटके येतात. हाच प्रीएक्लॅम्पसिया. समोर इतक्या आशाताई आणि सिस्टर बसल्या आहेत की हे त्यांनीच मला सांगावं. (हशा) म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. या रोगाच्या नव्या रक्ततपासण्या पुण्या-मुंबईच्या आधी किनवट, मुखेड, देवणीला पोचल्या पाहिजेत, आणि त्यांचे आकडे आपल्या लेकीसुनांच्या रक्तावर काढलेले असले पाहिजेत.

हा रोग मुळात दाबाचा नाही. 1989 साली अमेरिकेतल्या जेम्स रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं की बिघडतं ते रक्तवाहिनीचं आतलं अस्तर. पितळी पातेल्याची कल्हई गेली की ताक कळकतं, पातेलं बाहेरून लखलखीतच असतं, तसं हे. अस्तर बिघडलं की वाहिनी आवळते, पाझरते, आत रक्त गोठू लागतं. या बिघाडाच्या खुणा रक्तात सापडतात: फॉन विलेब्रँड फॅक्टर, फायब्रोनेक्टिन, व्हीकॅम. पण त्या इतर आजारांतही वाढतात, म्हणून लेबर रूममध्ये त्यांच्या भरवशावर निर्णय घेता आला नाही.

मग आलं 2003. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले किडनीचे डॉक्टर अनंत करुमंची आणि त्यांच्या बोस्टनच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रोगात वार एक प्रथिन प्रमाणाबाहेर सोडते, एसएफएलटी-1. अस्तराला जपणारं पीएलजीएफ नावाचं दुसरं प्रथिन ते रक्तातच पकडून ठेवतं. एसएफएलटी-1 वाढवलेल्या उंदरिणींचं बीपी चढलं, लघवीत अल्ब्युमिन आलं. पुढच्याच वर्षी कळलं की लक्षणं दिसण्याच्या साधारण पाच आठवडे आधीच हे प्रथिन रक्तात चढू लागतं.

2003 म्हटलं की मला आणखी एक नाव घ्यावंच लागतं, आणि ते आपल्या शेजारचं आहे. त्याच वर्षी सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांचा झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटविषयीचा लेख आला. अमेरिकेतल्या डॅलसचे डॉक्टर प्रिचर्ड यांच्या पद्धतीत सुरुवातीलाच 14 ग्रॅम औषध जातं. सरदेसाईबाईंनी विचारलं, आपल्याकडची अंगानं बारीक बाई आणि तिकडची धिप्पाड बाई, दोघींना मात्रा एकच कशी? त्यांनी भारतीय बायकांसाठी कमी मात्रेची पद्धत बसवली. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरबाई मान हलवतायत, मला दिसतंय. बरोबर आहे बाई, जागतिक आरोग्य संघटना आजही पूर्ण मात्राच सांगते आणि इथे कुणी माझ्या भाषणावरून इंजेक्शन बदलू नये. मात्रा किती हा वाद तुम्ही डॉक्टरांनी मिटवा. मला मोल आहे त्या प्रश्नाचं. सोलापूरच्या वॉर्डात उभं राहून एका बाईनं जगाच्या आकड्याला विचारलं, तू माझ्या पेशंटसाठी काढलेला आहेस का? (टाळ्या) 

तोच प्रश्न आता नव्या रक्ततपासणीतल्या 38 या आकड्याला विचारू. 2016 मध्ये एक मोठी पाहणी छापून आली. एसएफएलटी-1 ला पीएलजीएफनं भागायचं. उत्तर 38 किंवा कमी आलं, तर पुढचा आठवडाभर प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही हे 99.3 टक्के खात्रीनं सांगता येतं. 38 च्या वर आलं, तर चार आठवड्यांत तो होण्याची शक्यता साधारण 37 टक्के. म्हणजे ‘नाही’ हे उत्तर पक्कं, ‘हो’ कच्चं. त्या पाहणीत भारत नव्हता. पुढे आशियात झालेल्या पाहणीत 38 टिकला, पण तिथेही चीन, जपान, थायलंड होते, आपण नव्हतो. पुण्यात भारती विद्यापीठाच्या इर्शा संस्थेत डॉ. साधना जोशी यांनी गरोदर बायकांच्या रक्तात ही प्रथिनं मोजली आहेत, म्हणजे महाराष्ट्रात हे काम होतं. मराठवाड्यातही व्हायला हवं.

आठवडाभराच्या खात्रीची किंमत पुण्यात किती? दवाखाना कोपऱ्यावर आहे, बाई उद्या परत येईल. किनवटहून नांदेड गाठायला काही तास लागतात. लेक सातव्या महिन्यात माहेरी येते, तपासणीचं कार्ड सासरी राहतं. मुखेड-कंधारची बाई ऊसतोडीच्या कोयत्यासोबत साखर कारखान्यावर जाते, तिची पुढची तपासणी कोण करणार? तिला आज पाठवायचं की ठेवून घ्यायचं, हे ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरला रात्री दहाला ठरवावं लागतं. ब्रिटनमधल्या 11 रुग्णालयांत पीएलजीएफचा अहवाल डॉक्टरांच्या हाती दिला, तेव्हा निदानाचा वेळ 4.1 दिवसांवरून 1.9 वर आला. ते रक्त टेबलावर मावणाऱ्या छोट्या मशीनवर तपासलं होतं. असं मशीन तालुक्याला ठेवता येतं. बाहेर या तपासणीला काही हजार रुपये पडतात, म्हणून ती सरकारी खर्चानंच झाली पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. 

काम कसं करायचं तेवढं सांगतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होतेच. विष्णुपुरी, लातूर आणि अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी त्या दिवशी, बाईची संमती घेऊन, एक नळी जास्तीची घ्यावी, सीरम गोठवून ठेवावं आणि बाळंतपण कसं झालं ते आशाताईंकडून कळवून घ्यावं. त्यातून आपला आकडा निघेल, 38 असो की दुसरा. सभागृहात या तिन्ही ठिकाणचे विद्यार्थी असतील, तर कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठाजवळ थांबा, मी नावं लिहून घेतो. आता प्रश्न विचारा.