विडीचें पान आणि कारखानदाराचा हिशेब

गोंदिया शहराचा लौकिक आज तांदुळाच्या गिरण्यांमुळें अधिक आहे. परंतु विसाव्या शतकांत त्याच्या भरभराटीस विडीच्या व्यापाराचाही मोठा हातभार लागला. तेंदूची जंगलें जवळ आणि हावडा-नागपूर मार्गावरील जंक्शन गांवांतच, ही सोय कारखानदारांना लाभली. तंबाखू मात्र निपाणीहून किंवा गुजराथेंतील चरोतराकडून आणावी लागे. विडी आरोग्यास घातक आहे यांत वाद नाहीं. पण जोंवर ती वळली जाते, तोंवर तिच्या मालाची व्यवस्था नीट असणें वळणाऱ्या बायांच्या पोटाचा प्रश्न आहे.

दुरून येणाऱ्या तंबाखूचीच काळजी अधिक, असें कोणासही वाटेल. वस्तुतः खरी अडचण घराजवळच्या पानाची आहे. तंबाखू बाजारांत वर्षभर मिळते. पानाचा हंगाम उन्हाळ्यांतील थोड्या आठवड्यांचा. त्याआधीं झुडुपें छाटावीं लागतात, तेव्हां कोंवळी, रुंद पालवी फुटते. मोहफुलांचा भर ओसरतो न ओसरतो तोंच सारें कुटुंब पहांटे जंगलांत जातें. महाराष्ट्रांत ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. फळीवर पुडे उन्हांत वाळवायचे, उलथायचे, पाणी शिंपून मऊ करायचे आणि मग पोत्यांत भरायचे. मध्येंच वळवाचा पाऊस कोसळला कीं पानांवर डाग पडतात. तरीही वर्षभराची खरेदी तेव्हांच उरकावी लागते.

हें डागी पान पुढें कोठें जातें? गोदामांतून तें सट्टेदाराकडे व त्याच्याकडून विडी वळणाऱ्या बाईच्या सुपांत येतें. तिला पानें तोलून मिळतात, विड्या मात्र मोजून द्याव्या लागतात. फाटकीं पानें निघालीं कीं संख्या भरत नाहीं. मग ती बाजारांतून स्वतःच्या पैशानें पानें आणते. वर विड्यांची छाट होते ती निराळीच. कारखान्याच्या खातेवहींत या तुटीची नोंदच होत नाहीं, म्हणून ती सुधारण्याची निकड मालकास भासत नाहीं. १९६६ च्या विडीकामगार कायद्यानें कच्चा माल व छाट यांवरील तंट्यांच्या निवाड्याची सोय केली खरी. पण घरीं बसून विड्या वळणाऱ्या बाईस त्या दारापर्यंत जाणें कितीसें साधणार?

उपाय फारसा खर्चाचा नाहीं. प्रत्येक पोत्यावर फळीचें नांव व भरल्याची तारीख लिहावी. पोतें फोडतांना सट्टेदारासमोर दोन-चार पुडे सोडून चांगलीं पानें मोजावीं आणि तुटीइतकें पान बाईस वाढवून द्यावें. वर्षअखेरीस कोणत्या फळीचा माल वारंवार उणा पडला, हें वहीच सांगेल. वनहक्क कायद्यानंतर या भागांतील कांहीं ग्रामसभा स्वतःच पान विकूं लागल्या आहेत. तेथें तर कारखानदारानें हंगामापूर्वींच बसून छाटणी, वाळवण व ताडपत्रीचा खर्च ठरवून घ्यावा, आणि चांगल्या पानास चढा भाव त्याच करारांत लिहून द्यावा.