केवढा टर्बो?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)

 

संयोजकांनी मला 'तुझ्या कामातलं काहीतरी सांग, पण झोप येईल असं नको' एवढीच सूचना दिली आहे. माझं काम इंजिनांचं. म्हणून आपल्यातल्याच एका मित्राचा प्रश्न घेऊन उभा राहिलो आहे. नाव सांगत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि आत्ता त्याने मान खाली घातली आहे, तेवढ्यावरून ओळखा.

प्रश्न असा. त्याच्याकडे वडिलांची १९९१ ची प्रीमियर ११८ एनई आहे. पांढरी. काका कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियर कंपनीत होते, हे आपल्या बॅचमधल्या निम्म्या लोकांना आठवेल, कारण निम्म्या लोकांच्या घरातलं कोणी ना कोणी तिथे होतंच. नव्या पिढीला 'प्रीमियर मैदान' म्हणजे सभा आणि महोत्सवाची जागा वाटते. पुढे त्याच कंपनीने प्यूजो ३०९ काढली, आणि काही वर्षांत प्यूजो परतही गेली. आता काका नाहीत, गाडी आहे. मित्राने तिला कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेला एका १.३ लिटर डिझेल गाडीचा टर्बो लावून पाहिला. आता त्याला त्याहून मोठा हवा आहे. कोणता घेऊ, असं त्याने मला विचारलं.

कोणी म्हणेल, ११८ एनई ही काय स्पोर्ट्स कार आहे? थोडं थांबा. ही मुळात फियाट १२४ च्या घराण्यातली, स्पेनच्या सिएटकडून आलेली गाडी. १२४ ची स्पायडर नावाची उघडी भावंडं १९७२ साली युरोपियन रॅली स्पर्धा जिंकली होती. मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, नाकासमोर जाणारी गाडी. १९८५ मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा तिच्यात निसानचं १,१७१ सीसीचं इंजिन बसवलं गेलं; एनई म्हणजे 'निसान इंजिन'. ताकद ५२ हॉर्सपॉवर. चेसिसला याहून जास्त झेपतं, म्हणून मित्राचा मोह मला कळतो.

टर्बो म्हणजे काय हे सरांसाठी एका वाक्यात सांगतो, त्यांनी मला यापेक्षा जास्त वाक्यं फळ्यावर लिहायला लावली आहेत. बाहेर पडणाऱ्या धुराने एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनमध्ये जास्त हवा कोंबतो. कल्पना १९०५ सालची, आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरची. रस्त्यावरच्या गाड्यांत तिने १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने आणि त्यानंतर पोर्शे ९११ टर्बोने नाव केलं. या दोन्ही गाड्यांचं कौतुक करणारे एक गोष्ट मात्र हळू आवाजात सांगतात: पाय दाबला की आधी काहीच होत नाही, मग एकदम सगळं होतं. मोठा पंखा फिरायला वेळ लागतो, म्हणून.

मित्राला हव्या असलेल्या टर्बोचं नाव जीटी २८६०. गॅरेटच्या या नावात शेवटचे दोन आकडे हवा दाबणाऱ्या पंख्याचा व्यास सांगतात: ६० मिलिमीटर. त्याच कंपनीचा जीटी १२४१ आहे, पंखा ४१ मिलिमीटर, आणि तो बनवलाच १.२ लिटरपर्यंतच्या इंजिनांसाठी. दुकानात २८६० जास्त देखणा दिसतो, हे मी मान्य करतो.

आता हिशेब करू, कारण निवड इथेच होते, दुकानात होत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनचं प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच भरतं. ५,५०० फेऱ्यांना १.१७१ लिटर, निम्मं केलं, आणि कार्बोरेटरमुळे सिलिंडर ८० टक्केच भरतो असं धरलं, तर सेकंदाला ४३ लिटर हवा होते. आपल्याकडच्या ३५ अंशांच्या हवेत त्याचं वजन साधारण ५० ग्रॅम. अर्धा बार दाब वाढवला आणि हवा थंड करून घेतली तर ६५ ते ७० ग्रॅम. म्हणजे या इंजिनकडे एवढीच भूक आहे. जीटी २८६० चा चांगला पट्टा याच्या दुप्पट-तिप्पट हवेवर सुरू होतो. तो लावला तर शीळफाट्याला टर्बो झोपलेला, घाटात अर्धवट जागा, आणि मधल्या फेऱ्यांत पंख्याच्या पात्यांवरची हवाच उलटायला लागते. घोड्याचं खोगीर शेळीवर टाकण्यासारखं आहे ते.

मग आधीचा डिझेलवाला बरा होता का? आकाराने बरा, स्वभावाने नाही. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड असतो, आणि डिझेलसाठी बनवलेला टर्बो तेवढीच उष्णता झेलायच्या तयारीने बनवतात. पेट्रोल इंजिनात पूर्ण ताकदीवर धुराचं तापमान ९०० अंशांच्या वर जातं. भंगारातून आणलेल्या टर्बोचे घरंगळणारे बेअरिंग आणि त्यात ही आग, हे माझ्या मते लग्न टिकणार नाही.

तांत्रिक उत्तर म्हणून जीटी १२४१ किंवा त्याच मापाचा, पेट्रोलसाठीचा. दाब ०.४ बारच्या पुढे नाही. अर्ध्या बारलाच ३५ अंशांची हवा दाबून ९० अंशांच्या आसपास जाते, म्हणून इंटरकूलर हवाच. इग्निशनचं टायमिंग मागे घ्यावं लागेल, नाहीतर कार्बोरेटरच्या गाडीत खडखड ऐकू येईपर्यंत पिस्टनचं काम झालेलं असतं. गाडी बंद करण्याआधी मिनिटभर रिकामी चालू ठेवायची, म्हणजे टर्बोतलं तेल आतल्या आत जळत नाही. सत्तरेक हॉर्सपॉवर मिळतील.

पण मित्रा, हे सगळं सांगून मी तुला ते काकांच्या गाडीत करू नको म्हणणार आहे. कारण गाडीचं वय.

एक तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. तो विषय ठाण्याच्या आरटीओत चहा पिऊन सुटणारा नाही. दुसरं, २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. तुझी गाडी २०४१ ला पन्नास होईल. तेव्हा आपण सगळे म्हातारे, पण बहुतेक असू. डोंबिवलीत बनलेली ११८ एनई मूळ इंजिनासकट चालत्या अवस्थेत किती उरली असेल? आकडा मला ठाऊक नाही, पण प्रत्येक पावसाळ्यात एक कमी होते, हे गॅरेजमध्ये दिसतं.

म्हणून माझा सल्ला: काकांच्या गाडीचा टर्बो काढ, मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फेकला नसशील तर तो परत लाव, कार्बोरेटर आणि इग्निशन नीट करून घे. ती ५२ हॉर्सपॉवर आत्ता ४० सुद्धा देत नसेल, हे मी पैजेवर सांगतो; ती परत मिळवली तर तुला टर्बो लावल्यासारखंच वाटेल. टर्बोची हौस फिटवायचीच असेल तर कागदपत्रं संपलेली दुसरी ११८ शोध, ट्रेलरवर घालून ट्रॅकवर ने, आणि तिच्यात १२४१ बसव. मी रविवारी येतो, स्पॅनर माझे.

मित्र अजून तयार नाही. चहाच्या वेळी म्हणाला, 'बाबांनाच वेगाची आवड होती.' खरं आहे, काकांची स्कूटर आपल्या सगळ्यांना आठवते.

तर सोमवारी त्याने एवढंच करावं: चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार आकडे मला फोनवर कळवावेत. ते एकमेकांच्या दहा टक्क्यांत असतील तरच दोन्हीपैकी कुठल्याही वाटेवर पुढे बोलू. नसतील, तर आधी रिंगा.