झिजलेले अंगठे

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नये पैसे झाले. परंतु आणे त्याच दिवशी बाद झाले नाहीत. जुनी नाणी काही काळ नव्यांच्या जोडीने चालली, आणि ‘नया’ हा शब्द १९६४ पर्यंत राहिला.

आज शिधावाटप दुकानातील यंत्र अंगठ्याचा ठसा मागते. जन्मभर विटा वाहून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्यांना ते पुष्कळदा ओळखत नाही. कष्टाची खूण हीच धान्याच्या आड यावी, हा न्याय नव्हे.

यंत्राला माझा विरोध नाही. ठसा न जुळल्यास दुसरी सोय नियमांत आहे. ती दुकानाच्या फळ्यावर ठळक लिहावी, एवढेच मागणे. नाणी बदलताना जुन्याचा जो मान राखला, तोच या झिजलेल्या हातांचाही राखावा.