घरची पेटी आणि परक्याचे फर्मवेअर

(आंधळगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला ‘संगणक आणि आजचा विद्यार्थी’ या विषयावर बोलावे असे सुचविले होते. विषय मोठा आहे आणि त्यावर अधिकाराने बोलणारे माझ्यापेक्षा कितीतरी थोर वक्ते आहेत. मी नागपुरास संगणकदुरुस्तीचे काम करीत आलेला माणूस. तेव्हा ज्यात माझे स्वतःचे हात पोळले तेवढेच सांगावे, असे ठरवून आलो आहे.

अलीकडे आपल्यापैकी काही घरांत एक छोटी पेटी दिसू लागली आहे. आत एक किंवा दोन हार्ड डिस्क, मागे राउटरला जाणारी तार, समोर दोन-तीन मिणमिणते दिवे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नॅस’ म्हणतात. मी आपला साठवणपेटीच म्हणेन. कोणाचा मुलगा आखातातून येताना ती घेऊन येतो, कोणी नागपुरात जुनी विकत घेतो. घरातील सर्वांच्या मोबाइलमधील फोटो, मुलांचे शाळेचे दाखले, जमिनीचे सातबारे, दुकानाची बिले, सारे तिच्यात जाऊन पडते. पूर्वी आपल्या घरी कागदपत्रांची लोखंडी पेटी असे, तिचीच ही बहीण समजा.

या पेटीला चालविणारी जी आज्ञावली तिच्या पोटात कायम बसविलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. आंधळगावात हे समजावून सांगणे सोपे आहे. कोशाच्या कापडामुळे माग म्हणजे काय हे येथे पोरालाही ठाऊक असते. ज्या मागावर जकार्ड बसविलेले असते, त्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ कोणता धागा केव्हा उचलावयाचा ते ठरविते. माग तोच, रेशीम तेच, पण माळ बदलली की नक्षी बदलते. फर्मवेअर ही पेटीची माळ होय. फरक इतकाच की मागावर चुकीची माळ चढविली तर हातभर कापड वाया जाते आणि विणकर ती उतरवून ठेवतो. पेटीवर चुकीचे फर्मवेअर चढले तर ते उतरविण्यापुरताही जीव कधी कधी पेटीत उरत नाही.

आता माझी गोष्ट. सन २०१९ चा मे महिना होता. माझी धाकटी बहीण भंडाऱ्यास असते. तिच्या घरी दोन डिस्कची एक जुनी पेटी होती, मीच आणून बसविलेली. तिच्यात निकाहाचे फोटो होते, मुलांचे दाखले होते, आणि आमच्या मरहूम अब्बांचा आवाज होता. अब्बा मनियार. बांगड्यांची पेटी सायकलवर बांधून मोहाडी, तुमसर, वरठी आणि आपले हे आंधळगाव असे बाजारामागून बाजार करीत. त्यांच्या अखेरच्या हिवाळ्यात बहिणीने त्यांना बोलते केले आणि चाळीस मिनिटे मोबाइलवर टिपून घेतले. कोणत्या आळीत कोण कोणत्या रंगाच्या बांगड्या घेई, उधारी कोण कापणीनंतर फेडी, पावसात कोणाच्या ओसरीवर थांबू देत, असे सगळे.

तर मे महिन्यात माझ्या भाच्याचा फोन आला. “मामू, आपल्या पेटीला कंपनी आता नवे फर्मवेअर देत नाही. एका ठिकाणी दुसऱ्यांनी बनविलेले मिळते आहे. त्यात पुष्कळ नव्या सोयी आहेत. टाकू का?” माझ्यापुढे गिऱ्हाईक बसले होते. मी म्हणालो, “टाक, डिस्कला काही होत नसते.”

हे वाक्य अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे वाक्य फार वाईट. आमच्या पेटीचे फर्मवेअर एका चिपमध्ये होते आणि माहिती डिस्कवर. म्हणून एक बदलले तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही, असा माझा हिशेब. पण नवी आज्ञावली सुरू झाली तेव्हा तिला डिस्कवरील जुनी मांडणी ओळखता आली नाही. तिने पडद्यावर लिहिले की डिस्क कोऱ्या आहेत, त्या तयार करावयाच्या आहेत. खाली एक बटन होते. भाच्याने ते दाबले. सोळा वर्षांचे पोर, त्याने दुसरे काय करावयाचे होते?

बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. एवढेच म्हणाली, “भाईजान, दोन डिस्क असल्या म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते, असे तुम्हीच सांगितले होते ना?” सांगितले होते खरे. दोन डिस्कवर एकाच वेळी तेच ते लिहिण्याची जी रीत असते, ती एखादी डिस्क बिघडली तर उपयोगी पडते. पण पुसण्याची आज्ञा दिली की तीही त्याच इमानाने दोन्हींवर पाळली जाते. आरशासमोर पागोटे काढले तर आरशातल्या माणसाच्या डोक्यावर ते राहत नाही. ही साधी बाब मी गिऱ्हाइकांना शंभर वेळा समजावली असेल, आणि घरच्यांना समजवायची विसरलो.

डिस्क नागपुरास नेल्या. पुसलेली माहिती शोधणाऱ्या आज्ञावली असतात, त्यांनी फोटो बरेच बाहेर काढले, पण नावाशिवाय, तारखेशिवाय, नातेवाइकांची नुसती सरमिसळ. आवाजाच्या फायलीचे तसे नसते. तिच्यात कोठे काय आहे याची सूची असते, ती सूची किंवा मधले तुकडे गेले की उरलेले निरुपयोगी होते. अब्बांच्या चाळीस मिनिटांपैकी सहा मिनिटे ऐकू येतात. त्या सहा मिनिटांत ते आंधळगावपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तुम्हांपैकी वडीलधाऱ्यांना मी आज विचारीत फिरतो आहे.

असो. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही असे का करता हे मला कळते. जुन्या वस्तूत नवा जीव घालण्याची हौस चांगली आहे, आणि या उद्योगाला मोठी परंपराही आहे. लिंकसिस कंपनीने २००३ मध्ये आपल्या एका राउटरच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर खुला केला आणि त्यातून ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ नावाचे उत्तम काम उभे राहिले, ते आजही चालू आहे. डी-लिंकच्या एका जुन्या दोन-डिस्की पेटीसाठी ‘आल्ट-एफ’ नावाचे फर्मवेअर एका गृहस्थाने तयार केले, तेही प्रामाणिक काम. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. चिपला हात न लावता ते आधी तात्पुरते चालवून पाहता येते. पसंत नसेल तर पेटी बंद करून पुन्हा चालू करावी की जुने फर्मवेअर परत. माझ्या भाच्याला अशी काही वाट दाखविण्याइतके मी त्या दिवशी थांबलो असतो तर बरे झाले असते.

आणि कंपनीचे तेवढे खरे, बाकी सारे खोटे, असेही मी म्हणणार नाही. वेस्टर्न डिजिटल कंपनीची ‘माय बुक लाइव्ह’ नावाची साठवणपेटी २०१० मध्ये बाजारात आली. २०१५ नंतर कंपनीने तिचे फर्मवेअर सुधारणे बंद केले. २०१८ मध्ये तिच्यातील एक गंभीर दोष नोंदला गेला, पण पेटी जुनी झाली म्हणून तो दुरुस्त झाला नाही. आणि २०२१ च्या जून महिन्यात जगभरच्या कित्येक मालकांनी सकाळी उठून पाहिले तो पेटी रिकामी. बाहेरून कोणीतरी इंटरनेटवरून तिला कारखान्यातून निघाल्यासारखी कोरी होण्याची आज्ञा दिली होती. पुढे कळले की ही आज्ञा पाळण्यापूर्वी परवलीचा शब्द विचारावयाचा असतो, तो विचारणाऱ्या ओळीच कंपनीच्या २०११ मधील एका बदलात निकामी झाल्या होत्या. हे सगळे अधिकृत फर्मवेअरमध्ये घडले, परक्याच्या नव्हे.

मग परक्याच्या फर्मवेअरचा वेगळा धोका कोणता? ते कोणी बनविले याचा जबाब देणारा कोणी नसतो, हा. पेटीत जे जे आहे ते वाचण्याचा अधिकार फर्मवेअरला असतो. ते तुमच्या घरातील कपाटाची किल्लीच आहे. ‘क्यूस्नॅच’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांत शिरत असे. २०२० च्या जून महिन्यात जगभर सुमारे ६२,००० पेट्या त्याने बाधित होत्या, असे ब्रिटन आणि अमेरिका येथील सायबर सुरक्षा संस्थांनी सांगितले. तो परवलीचे शब्द चोरी आणि शिवाय नवे फर्मवेअर जेथून यावयाचे तो रस्ताच अडवून ठेवी, म्हणजे औषध आणावयास गेलेला माणूस वाटेतच परत फिरावा तसे. हा चोर बाहेरून शिरला होता. आपण अनोळखी माणसाने दिलेली तयार फाईल स्वतःच्या हाताने चढवितो, तेव्हा चोराला कुलूपही तोडावे लागत नाही.

मुले मला म्हणतात, “सर, आम्ही फायलीचा पडताळा आकडा जुळवून पाहतो.” पाहावा, अवश्य पाहावा. पण तो आकडा पाकिटावरील लाखेसारखा आहे. पाकीट वाटेत कोणी फोडले नाही इतके त्यावरून कळते. पत्र लिहिणारा भला की बुरा ते कळत नाही. त्यासाठी त्या कामाचा मूळ मजकूर खुला आहे काय, तो किती लोक वाचतात व सुधारतात, शेवटची सुधारणा केव्हा झाली, हे पाहावे लागते. सिनॉलॉजी कंपनीची प्रणाली दुसऱ्याच संगणकावर चालविण्याची युक्तीही काही मुलांना ठाऊक असते. कंपनीच्या परवान्यात ते बसत नाही, आणि पुढच्या सुधारणेला ती पेटी सुरू होईल याची हमी कोणी देत नाही. घरची कागदपत्रे त्यावर ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटी मरते कशी, तेही सांगतो. फर्मवेअर चिपवर लिहिले जात असताना वीज गेली तर लिहिणे अर्धवट राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएस नसेल तर त्या दिवशी हे काम करूच नये. दुसरे, पेटीवरील नाव तेच पण आतले यंत्र निराळे, असे फार होते. ती डी-लिंकची पेटीच ए-१, बी-१, सी-१ अशा आवृत्त्यांत निघाली. ही आवृत्ती खालच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत असते, आणि नेमकी तीच वाचली जात नाही. पेटी सुरू करणारा पहिला छोटा प्रोग्राम शाबूत असेल तर आतील चार पिनांना तार लावून ती उठविता येते. पण तेथे बहुधा ३.३ व्होल्ट चालतात, जास्त दाब दिला तर चिपच जळते.

पंख्याचे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आतील उष्णता मोजून पंखा केव्हा फिरवावयाचा हे फर्मवेअरच ठरविते. परक्या फर्मवेअरला त्या पेटीचा पंखा ओळखता आला नाही तर तो गप्प बसतो. घरगुती हार्ड डिस्कला साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास कमाल मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात आपल्या खोलीतच ४५ अंश, तर बंद पेटीत किती, याचा हिशेब तुम्हीच करा. पुण्या-मुंबईच्या थंड खोलीत जे फर्मवेअर उत्तम चालले ते भंडारा जिल्ह्यात डिस्क भाजून काढील.

आणखी एक. पेटी बंद पडली म्हणजे लोक डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला लावतात. या डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, म्हणून तो ‘डिस्क तयार करू का?’ असे विचारतो. येथे ‘नाही’ म्हणावे. लिनक्सवर ती बहुधा वाचता येते, पण ‘माय बुक लाइव्ह’सारख्या पेटीची मांडणी साध्या संगणकावरील लिनक्सलाही सहजी वाचता येत नाही. तेव्हा जाणत्याला दाखवावे, तोवर डिस्क नुसती ठेवून द्यावी. न लिहिलेली डिस्क वाट पाहू शकते.

पालक बंधु-भगिनींनो, मुलाला यातून अडवू नका. त्याला फक्त एक प्रश्न विचारा: “बेटा, यातल्या सगळ्याची दुसरी प्रत कोठे आहे, ती मला उघडून दाखव.” त्याने वेगळ्या, पेटीला न जोडलेल्या डिस्कवरून अम्मीच्या निकाहाचा एक फोटो आणि एक दाखला तुमच्यासमोर उघडून दाखविला, तर मग त्याला पेटीचे हवे ते करू द्या. पेटी मेली तर दुसरी विकत आणता येईल. त्या दुसऱ्या प्रतीची डिस्क काम चालू असता घरात दुसऱ्या खोलीत, शक्य तर दुसऱ्या घरी, आपाकडे किंवा चाचांकडे ठेवावी.

आणि ज्या पेटीला कंपनीने सोडून दिले आहे, नवे काही घालण्याचीही हिंमत नाही, तिचे काय करावयाचे? राउटरमध्ये तिच्यासाठी बाहेरचा दरवाजा उघडा ठेवला असेल तर तो बंद करा, परगावाहून फोटो पाहण्याची सोय काढून टाका, आणि तिला घरापुरतीच वापरा. ‘माय बुक लाइव्ह’च्या मालकांनी इतके केले असते तर त्या जूनमध्ये बाहेरून आलेली आज्ञा त्यांच्या पेटीपर्यंत पोचली नसती.

चहानंतर मी शाळेच्या मागच्या वर्गात चार वाजेपर्यंत बसणार आहे. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी ती उचलून आणू नये. खालच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून आणावा, तेवढ्यावर पुष्कळ सांगता येते. आणि ज्यांना सायकलवरचे बांगडीवाले मनियार आठवत असतील, त्यांनी कृपा करून तेथे यावे. या वेळी मी दोन टिपणयंत्रे आणली आहेत.