अराद नदीच्या काठी आपलं स्वागत



अल्गार्व प्रांतातल्या सिल्व्हेश नगरीत राहणाऱ्या आम्हा मोजक्या मराठी कुटुंबांच्या वतीने मी आपणां सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो.

पोर्तुगीज सत्ता आणि आपला पश्चिम किनारा यांवर परिषद भरवायची, तर लिस्बन सोडून दक्षिणेतल्या या लहानशा गावात कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर देणं स्वागताध्यक्ष म्हणून माझं काम आहे असं मी समजतो.

इथून जवळच, अल्व्होर गावी, २५ ऑक्टोबर १४९५ रोजी पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव वारला. याच राजाने १४८७ मध्ये पेरु दा कुव्हिल्यां या हेराला भारताची वाट शोधायला धाडलं होतं. तो वेश पालटून कैरो-एडनमार्गे कन्नूर, कालिकत आणि गोव्यापर्यंत पोचला. वास्को द गामाची गलबतं तेव्हा स्वप्नातही नव्हती. त्या राजाला सिल्व्हेशच्या कॅथेड्रलमध्ये पुरलं. पुढे १४९९ मध्ये, म्हणजे गामा भारतातून परतला त्याच वर्षी, त्याचे अवशेष इथून काढून बताल्याच्या मठात नेले.

दुसरा धागा याहून महत्त्वाचा आहे. १५६४ पासून इथल्या बिशपपदावर जेरोनिमो ओसोरियो होता. राजा मानुएलच्या कारकिर्दीचा त्याने लॅटिनमध्ये लिहिलेला इतिहास १५७१ मध्ये छापला गेला. गामाची सफर, आल्बुकर्कचा गोव्यावरचा हल्ला, सगळं त्यात आलं आहे. विजयाची वर्णनं करताना तो उघडपणे आपल्या राजाच्या बाजूचा आहे. मात्र त्याच राजाने पोर्तुगालमधल्या ज्यूंचं सक्तीने धर्मांतर केलं, त्याला तो अन्याय म्हणतो. इन्क्विझिशनच्या काळात, एका बिशपने! गोव्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ओसोरियो मुळातून वाचला आहे? या परिषदेतून एखाद्या तरुण अभ्यासकाने हे काम अंगावर घेतलं, तर यजमान म्हणून आम्हाला आणखी काही नको.

आता या गावाबद्दल. आपण बसमधून उतरलात तेव्हा टेकडीवरचा तांबडा किल्ला नक्कीच नजरेत भरला असेल. तटाचा दगड इथलाच, तांबडा वालुकाश्म. प्रवेशाजवळ पहिल्या सांशू राजाचा भला मोठा ब्राँझचा पुतळा आहे. बहुतेक पाहुणे पुतळ्याचा फोटो घेतात, तटावर एक चक्कर मारतात आणि समुद्रकिनाऱ्याकडे वळतात. माझी विनंती आहे की आपण तसं करू नये. या गावाचा इतिहास राजांच्या नावांपेक्षा पाण्यावरून अधिक नीट कळतो.

मुसलमानी राजवटीत या गावाचं नाव शिल्ब होतं. अराद नदीतून समुद्रातली गलबतं थेट गावापर्यंत येत. बाराव्या शतकातला भूगोलकार अल्-इद्रिसी सांगतो की इथले लोक मूळचे येमेनी अरब, आणि त्यांची अरबी अगदी शुद्ध. त्याच्या आधीच्या शतकात सेव्हिलचा राजपुत्र अल्-मुतमिद तरुणपणी इथला कारभारी होता. या परिसरात जन्मलेला कवी इब्न अम्मार त्याचा जिवलग. पुढे राजकारणात दोघांचं फाटलं आणि मुतमिदने या मित्राला स्वतःच्या हाताने ठार केलं. शेवटी मुतमिदचंही राज्य गेलं, तो मोरोक्कोत कैदेत वारला. इथल्या एका चौकाला आज त्याचं नाव आहे. जिंकणाऱ्याचा पुतळा आणि हरलेल्या मुतमिदचा चौक एकाच गावात नांदतात, याचा मला इथला रहिवासी म्हणून अभिमान वाटतो.

११८९ च्या उन्हाळ्यात सांशूने गावाला वेढा घातला. तिसऱ्या क्रूसयुद्धाला निघालेले उत्तर युरोपातले सैनिक वाटेत त्याला येऊन मिळाले. तट फुटेना. मग त्यांनी नदीकडच्या पाणवठ्याचं रक्षण करणारा बुरूज काबीज केला आणि गावाचं पाणी तोडलं. जुलै-ऑगस्टचं अल्गार्वमधलं ऊन आज सकाळी आपण जरासं अनुभवलंत. दीड महिन्यानंतर, सप्टेंबरच्या सुरुवातीला, तहानलेल्या गावाने शरणागती पत्करली. लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडू दिलं गेलं. घरदार लुटीत गेलं. दोनच वर्षांनी अल्मोहाद खलिफाने गाव परत घेतलं. ते कायमचं ख्रिस्ती राजाकडे गेलं तेराव्या शतकाच्या मध्यात.

पुरातत्त्व संग्रहालयात त्या अल्मोहाद काळातली विहीर आहे. खरं तर विहीर आधी सापडली आणि मग तिच्याभोवती संग्रहालय बांधलं. खोली सुमारे १८ मीटर. विहिरीला वळसा घालत दगडी जिना खाली उतरतो, आणि जिन्याच्या भिंतीतल्या कमानींतून पाण्यापर्यंत हात पोचतो. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. पाणी खाली गेलं की आपणही दोन पायऱ्या खाली जायचं, ही साधी सोय. किल्ल्यातलं मोठं टाकंही आवर्जून पाहा.

मग अराद गाळाने भरत गेली. गलबतं येईनाशी झाली, व्यापार आटला, दलदलीमुळे रोगराई वाढली. १५७७ मध्ये बिशपची गादीसुद्धा फारूला हलली. १७५५ च्या भूकंपाने उरलंसुरलं पाडलं. गाव जवळजवळ तीनशे वर्षं निजून होतं.

त्याला जागं केलं ते बुचाने. बाटलीला लावतो तेच हे बूच. ओक वृक्षाच्या एका जातीची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगाल पिकवतो. झाड पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिली साल निघते आणि त्यानंतर दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या लायकीची साल मिळते तिसऱ्या खेपेला, म्हणजे लावणाऱ्याच्या मुलाला. उन्हाळ्यात डोंगरात गेलात तर कुऱ्हाड चालवणारे कारागीर दिसतील. घाव सालीपुरताच बसला पाहिजे. आतल्या जिवंत थराला लागला की झाड जायबंदी. कुऱ्हाडीच्या दांड्याने उचकटून अख्खा पत्रा सोडवतात आणि तांबूस उघड्या बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात. पुढची साल कधी काढायची, त्याची ती नोंद.

एकोणिसाव्या शतकात हे पत्रे सिल्व्हेशच्या कारखान्यांत येऊ लागले. मोठ्या कढयांत उकळून ते सपाट करायचे, प्रतवारी करायची, बुचं कापायची. पुरुषांबरोबर बायकाही या कामात होत्या. या कामगारांनी गावाला नवा बाणा दिला. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने स्वतंत्र कामगार संघटना मोडीत काढल्या, तेव्हा १८ जानेवारी १९३४ रोजी देशभर पुकारलेल्या संपात सिल्व्हेशचे बूचकामगार उतरले. त्यांनी तुरुंगवास भोगला. किल्ल्याइतकंच मोल मी या संपाला देतो.

पुढे धंदा उत्तरेकडे गेला. १८९४ मध्ये उभ्या राहिलेल्या 'फाब्रिका दु इंग्लेश' या कारखान्यात बुचाचं संग्रहालय झालं, २००१ मध्ये त्याला युरोपातल्या उत्तम औद्योगिक संग्रहालयाचा लुईजी मिकेलेत्ती पुरस्कार मिळाला आणि नंतर दहा वर्षांच्या आत मालक कंपनी अडचणीत येऊन ते बंदही पडलं. मला याचं मनापासून दुःख आहे. राजांच्या वस्तू जपायला पैसा सापडतो, कामगारांच्या कढया जपायला सापडत नाही.

आजचं सिल्व्हेश संत्र्यांवर जगतं. पूर्वी इथे कोरडवाहू बागा होत्या: अंजीर, बदाम, कॅरोब. १९५० च्या दशकात अरादवर धरण झालं आणि संत्र्यांचे मळे पसरले. पोर्तुगालमधली बहुतांश संत्री अल्गार्वची. पण पाण्याचा प्रश्न पुन्हा दारात आला आहे. २०२४ च्या सुरुवातीला दुष्काळामुळे सरकारने शेतीच्या पाण्यात २५ टक्के आणि शहरांच्या पाण्यात १५ टक्के कपात जाहीर केली होती. आणि एक गोष्ट आपण विसरू नये. अल्गार्वच्या शेतांत आणि हॉटेलांत राबणाऱ्यांत आज भारत, नेपाळ, बांगलादेशातून आलेले हजारो तरुण आहेत. पोर्तुगीज आपल्याकडे कसे आले, यावर आपण दोन दिवस बोलणार आहोत. आपली माणसं इथे कशी आली, कशी राहतात, यावरही उद्या दुपारच्या सत्रात जरूर बोला.

उद्या सकाळी नऊ वाजता सगळ्यांनी कॅथेड्रलच्या दारात जमावं. आधी विहीर, मग किल्ल्यातलं टाकं, आणि वेळ उरला तर सांशूचा पुतळा. आज रात्रीच्या जेवणात इथली बदामाची मिठाई आहे. आमच्या शेजारणींनी ती खास आपल्यासाठी केली आहे, तेव्हा कुणी नाही म्हणू नये. राहण्या-जेवणाची काही गैरसोय झाली तर संकोच न करता आम्हा कार्यकर्त्यांना सांगा. पुन्हा एकदा आपलं सर्वांचं स्वागत करून मी संमेलनाध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.