कानस कुणाच्या हातात?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'विमान दुरुस्त करणारी बाई' म्हणून तुम्ही मला बोलावलंत. विमान म्हटलं की सगळ्यांना उडणं आठवतं. मी मात्र एका लोखंडाच्या तुकड्यापासून सुरुवात करणार आहे. माझं शिक्षण तिथून सुरू झालं, आणि अडवणूकही.

१९९१ साली मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला नाव घातलं. वर्गात आम्ही दोघीच मुली. पहिले कित्येक आठवडे काम एकच. तुकडा वाइसमध्ये धरायचा आणि कानशीने घासायचा, सपाट आणि काटकोनात येईपर्यंत. मग गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घास. कानस पुढे जाताना कापते, म्हणून मागे आणताना दाब सोडायचा. हे डोक्याला पाच मिनिटांत कळतं, हाताला कळायला दोन महिने लागतात. माझा तुकडा नेहमी मधे फुगलेला. मास्तर म्हणाले, "मुलींच्या मनगटात जोर नसतो." मलाही ते खरं वाटलं, कारण घरीदारी तेच ऐकलेलं.

पुढे पुस्तकात वाचलं, की वाइसचे जबडे काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला हवेत. आमची टेबलं सरासरी पुरुषाच्या मापाची. वाइस माझ्या छातीपाशी येत होता. कानस आडवी चालणार कशी? घरून एक जाड फळी आणली, तिच्यावर उभी राहिले, आणि चार दिवसांत तुकडा सरळ येऊ लागला. मनगट तेच होतं.

त्यानंतर विमानाच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागले. तिथे शिकलेलं बरंच विसरावं लागलं. लोखंडावर टोकदार स्क्रायबरने रेघ मारतात. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर तसं केलं तर त्या ओरखड्यातून पुढे तडा जाऊ शकतो. साधी शिसपेन्सिलही चालत नाही, ग्रॅफाइटमुळे पत्रा गंजतो. लोखंडाला लावलेली कानसही त्याला लावायची नाही, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. १/८ इंची रिव्हेटला ३० नंबरचं ड्रिल. पत्र्याबाहेर रिव्हेट आपल्या जाडीच्या दीडपट हवा, ठोकल्यावर त्याचं डोकं दीडपट रुंद आणि निम्मं उंच. नखाने चाचपून चूक सापडायला लागली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र काढून पेटीत ठेवायचं. फिरत्या यंत्रात दागिना अडकला तर बोट जातं, बॅटरीच्या दोन टोकांना टेकला तर भाजतं. सासूबाई चार महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पुरुषांनाही अंगठ्या, कडी आणि हातातले गंडेदोरे काढावे लागत. त्यांच्या घरी कुणी रुसल्याचं ऐकलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून एक गन चालवतो, आतून दुसरा लोखंडी ठोकळा धरतो. त्याला बकिंग बार म्हणतात. मी लहानखुरी, म्हणून अडचणीच्या जागेत आत मलाच पाठवत. ते कामही कसबाचं आहे. बार जरा तिरका झाला की रिव्हेट वाया. पण गन कायम त्याच्याच हातात. संध्याकाळी लॉगबुकात त्याच्या नावापुढे 'रिव्हेटिंग केले' आणि माझ्या नावापुढे 'साहाय्य केले'.

या एका शब्दाची किंमत बघा. आपल्याकडे विमान देखभालीचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. त्यासाठी परीक्षा असतातच, शिवाय प्रत्यक्ष हाताने केलेल्या कामाचा नोंदलेला अनुभव दाखवावा लागतो. काम झाल्यावर अधिकृत माणसाची सही होते, तेव्हाच विमान उडतं. नुसत्या 'साहाय्य केले'वर त्या सहीपर्यंत पोचता येत नाही. त्यात साहेबांच्या लक्षात आलं, की माझं अक्षर चांगलं आहे. झालं! मला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, पंख्याखाली काम मिळालं.

रात्रपाळीची गोष्ट वेगळीच. विमानं दिवसा धावतात, म्हणून बरंचसं काम रात्री निघतं. १९४८च्या कारखाना कायद्याचं ६६वं कलम बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात थांबू देत नसे. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण माझी शिकायची वर्षं तोवर सरली होती. आमच्या जागी गाडीची, विश्रांतीच्या खोलीची सोय करण्यापेक्षा कलम दाखवणं सोपं होतं.

मी एक केलं. घरी वेगळी वही ठेवली. तारीख, काम, गन कुणी धरली, बार कुणी धरला. आठ महिन्यांची वही फोरमनसमोर ठेवली. तो चिडला. मग पत्र्याचे दोन तुकडे पुढे टाकून म्हणाला, "दोन रांगा मारून दाखव." मारल्या. त्याने भिंग लावून बघितलं, तीन रिव्हेट ड्रिलने काढून टाकले आणि म्हणाला, "हे परत." माझ्या कामाला कुणी नाव ठेवण्याची ती पहिलीच वेळ. तोवर तपासण्यासारखं काम मला दिलंच नव्हतं.

आणखी एक. मी प्रत्येक बोल्टचा नंबर पुस्तकात बघूनच तो घ्यायची. यावर हसत. "बायकांना सारखं विचारायची सवय." १० जून १९९० रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत उडाली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे तो वाचला. त्याआधीच्या एका रात्रपाळीत ती काच बदललेली होती. ९० पैकी ८४ बोल्ट जरा कमी जाडीचे लागले होते, कारण जुना बोल्ट शेजारी धरून नुसत्या नजरेने जोडी जमवली होती. बदलणारा माणूस अनुभवी होता. तिथे बाई असती तर हे झालं नसतं, असं मी म्हणणार नाही. पुस्तक बघणं हा या कामाचाच भाग आहे, एवढंच त्या हसणाऱ्यांना सांगायचं होतं.

परवाना मिळाला, पण माझ्याबरोबरच्या मुलांपेक्षा चार वर्षं उशिरा. दुसरी मुलगी रेकॉर्डमध्येच राहिली. तिचा कानशीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

तुमच्या वस्तीतल्या मुली आता अशा ट्रेडना जातात. प्रवेश मिळवून देईपर्यंत आपण धावपळ करतो, मग भेटतो थेट निकालाला. मधल्या काळात महिन्यातून एकदा त्यांचं लॉगबुक मागून बघा. त्यात कोणती क्रियापदं आहेत ते वाचा. 'साहाय्य केले' सारखं दिसलं, तर चार जणी मिळून जा आणि विचारा. एकटीने विचारलं की तिला भांडखोर ठरवतात, ते मी भोगलंय.

माझी ती फळी अजून घरी आहे. कुणाच्या मुलीला वाइस उंच पडत असेल तर घेऊन जा. आता तुमचे प्रश्न घेऊ.