भाताची वाटी आणि इन्सुलिनचा हिशेब

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटीतलं काहीतरी’ बोलायला सांगितलं होतं. पण सकाळपासून ज्यांच्याशी गप्पा झाल्या, त्यातले निम्मे शुगरवर येऊन थांबले. म्हणून विषय बदलते. मी डॉक्टर नाही, पण दर जेवणाआधी इन्सुलिन घेते.

आपल्याकडे डायबेटिस निघाला की पहिला सल्ला मिळतो, भात बंद. गोंदियात भात बंद! गाव राइस मिलचं, तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत धानाच्या बांध्या, आणि माणसाने नुसत्या पोळीवर राहायचं. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी तो लपून खातो. लपून खाल्लेल्या भाताचं इन्सुलिन कोण घेणार? मी म्हणते, भात मोजा.

जेवणाच्या वेळचं इन्सुलिन मुख्यतः त्या ताटातल्या कर्बोदकांसाठी असतं. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. आपली रोजची वाटी एकदा काट्यावर ठेवून बघा. माझी ११० ग्रॅमची भरते, म्हणजे ३० ग्रॅम कर्बोदकं धरायची. समजा एखाद्याला डॉक्टरांनी १० ग्रॅमला १ युनिट सांगितलं आहे. दोन वाट्या भाताचे ६०, वरणाचे १०, म्हणजे ७ युनिट. एकच वाटी खाणार असेल तर ४. जेवणाआधी शुगर २०० आहे, ती १२० वर हवी आहे आणि १ युनिटने ४० उतरते, तर त्यात आणखी २. हे प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, शेजाऱ्याचं उसनं घेऊ नका. जेवणाआधीचे आणि दोन तासांनंतरचे आकडे, शिवाय काय खाल्लं ते, आठ-दहा दिवस वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. त्यांनी जेवणाची वेळ आणि वाट्या ठरलेल्याच ठेवाव्यात.

आता वेळेचं. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात, लिस्प्रो-अस्पार्टसारखं जलद इन्सुलिन पंधरा मिनिटांच्या आत. आपल्याकडच्या लग्नात ‘वाढायला घेतलं’ म्हणजे अजून पाऊण तास! जलद इन्सुलिनवाल्यांनी ताट समोर आल्याशिवाय सुई टोचूच नये. आणि दोन तासांनी आकडा जास्त दिसला म्हणून लगेच दुसरा डोस घ्यायचा नाही. पहिल्याचं काम तीन-चार तास चालू असतं. दोन्ही मिळून शुगर खाली आपटते.

रोवणीच्या दिवसांत तर जपाच. दिवसभर चिखलात वाकून काम केलं की स्नायू साखर ओढून घेतात, नेहमीचाच डोस जड होतो, कधी रात्रीसुद्धा शुगर उतरते. डोस किती कमी करायचा ते हंगामाआधीच विचारून ठेवा. थरथर, घाम, विचित्र भूक जाणवली आणि शुगर ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं, पेनमधलं १०० चं. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ओढलं तर अडीच पट डोस जातो. मुलाने मुंबईहून आणलेलं आणि गावच्या मेडिकलमधून घेतलेलं एकाच डब्यात ठेवणाऱ्यांनी आज घरी गेल्यावर तेवढं बघावं.

मे महिन्यात लाइट जाते, फ्रिज बंद पडतो, त्याची सोय आजीच्या काळातलीच. मोठ्या कुंडीत ओली रेती, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन. रेती ओली ठेवायची, सावलीत ठेवायचं. फ्रिजइतकं थंड होत नाही, पण बाहेरच्या उन्हाळ्यापेक्षा बरंच. फ्रिजरमध्ये मात्र कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आज जेवणात भात आहे. मी स्वयंपाकघरातला काटा पिशवीत घालून आणलाय. ज्यांना आपली वाटी मोजायची असेल त्यांनी डावीकडच्या शेवटच्या टेबलाशी यावं.